पाणी – सारजाबाई – रोज

मी एक जुना काळा फळा आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की फार शहाण्यासारखं बोलतात. सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. माझं एका कंप्युटरशी वाकडं आहे आणि ते अजून पुरतं सरळ झालेलं नाही.

माझा जन्म लासूर स्टेशनचा. बद्रीनाथ सुतारानं मला सागवानी चौकट केली, चारही कोपऱ्यांना पितळी पट्ट्या ठोकल्या आणि माझ्या अंगावरून हात फिरवून म्हणाला, "ह्यो आपल्यामागं बी टिकंल." मी एका आडत दुकानाच्या दारात लागलो. माझ्यावर कापसाचा, मक्याचा, बाजरीचा भाव लिहीत. गाडीतून उतरलेला शेतकरी आधी माझ्याकडे बघायचा, मग दुकानदाराला रामराम घालायचा. वर्षातून एकदा कोळशाची पूड आणि हिरवा पाला घासून मला काळा कुळकुळीत करत. ते दिवस आठवले की आजही माझी चौकट ताठ होते.

मग पाऊस रुसला. एक साल गेलं, दुसरं गेलं. कापसाचा भाव लिहायला आधी कापूस तर यायला हवा. माझ्यावरच्या रकान्यांत पिकांची नावं राहिली आणि त्यांच्यापुढं काहीच राहिलं नाही. आडत दुकानदाराचा मुलगा काकासाहेब हुशार. त्यानं ओळखलं, की गावाकडं काही उरलं नाही, तरी तिकडं शहर फुगत चाललंय. आताचं छत्रपती संभाजीनगर, तेव्हाचं औरंगाबाद. बीड बायपासच्या पलीकडं ज्वारीच्या रानांत प्लॉटचे दगड लागत होते, वसाहती उठत होत्या आणि सगळ्यांना पाणी हवं होतं. काकासाहेबानं उंच पाण्याच्या टाक्या बांधायची ठेकेदारी सुरू केली. पावसानं आमची आडत बुडवली आणि त्याच पावसानं आम्हाला टाक्यांचं काम दिलं. जाताना त्यानं दुकानातलं फक्त मला सोबत नेलं. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढं काय झालं ते ऐकल्यावर तुम्हालाही माझ्यासारखंच लागेल.

साइटवरच्या पत्र्याच्या ऑफिसात माझं राज्य सुरू झालं. त्रिंबक मुकादम माझ्यावर दर महिन्याला चौकटी आखायचा. पांढऱ्या खडूनं काम, लाल खडूनं सुट्टी. सकाळी मजूर यायचे आणि माझ्यासमोर घोळका करायचे. पोळा लाल केला की हसायचे. एखादा रविवार लाल केला नाही की तोंडं वाकडी करून त्रिंबककडं बघायचे. साऱ्या साइटचा आनंद आणि रुसवा माझ्या अंगावर उमटायचा.

माझ्या अंगावर तीन गोष्टी मात्र खडूच्या नव्हत्या. वर मध्यभागी 'श्री', त्याखाली काकासाहेबाच्या कंपनीचं नाव आणि अगदी तळाशी एक ओळ: 'पाणी – सारजाबाई – रोज.'

त्या ओळीची हकीकत अशी. काँक्रीट ओतून झालं म्हणजे काम संपलं असं नसतं. पुढं निदान दोन आठवडे ते ओलं ठेवावं लागतं. वर मातीची आळी करून पाणी भरायचं, बाजूंना ओली गोणपाटं गुंडाळायची. त्यात खंड पडला तर काँक्रीट तडकतं. त्याला दिवाळी कळत नाही आणि एकादशीही कळत नाही. हे पाणी मारायचं काम सारजाबाईचं. तिचं घर मूळचं मेंढरं राखणारं. चारा संपला तशी मेंढरं विकली गेली. राहिलेली चार घेऊन नवरा नदीकाठानं फिरत राहिला आणि ही साइटवर आली. त्रिंबक रोज तिचं नाव माझ्यावर लिहायचा आणि दुसऱ्या दिवशी पुसून परत तेच लिहायचा. शेवटी काकासाहेब म्हणाला, "जे बदलतच नाय त्याला खडू कशाला नासवायचा?" त्यानं पेंटर बोलावला आणि ती ओळ ऑइलपेंटनं लिहून घेतली.

मला त्या ओळीचा फार अभिमान होता. सणावाराला सगळे गावाकडं पांगायचे. मागे राहायचो मी, सारजाबाई आणि तिचा पाण्याचा पाइप. तिच्या भाकरीचं फडकं माझ्या चौकटीच्या खालच्या खिळ्याला टांगलेलं असायचं. तिच्या दिवाळ्या, तिचे पोळे सगळे माझ्यासमोर गेले. मला वाटायचं, ही बाई माझी आहे. माझ्या अंगावर कायमचं नाव असलेलं एकमेव माणूस.

आता त्या कंप्युटरकडे येतो. पोटात दुखतं, तरी येतो.

दोन हजार सोळाच्या गुढीपाडव्याला तो आला. खोक्यातून असा उचलून काढला, जसं काही तान्हं मूलच. काकासाहेबानं त्याला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला. त्याच्यासाठी टेबल आलं, टेबलासाठी पंखा आला, धूळ बसू नये म्हणून फुलाफुलांचं झाकण आलं. माझ्यावर इतकी वर्षं सिमेंटची धूळ बसली, मला कुणी साधा रुमाल पांघरला नाही. त्याचा प्लग लावायचा बोर्ड नेमका माझ्याच भिंतीवर होता. म्हणून मला उतरवलं आणि बाहेर नेऊन पत्र्याला टेकवून ठेवलं, उन्हात, टाकीकडं तोंड करून.

कंप्युटरसोबत तनुजा आली. नवी इंजिनिअर, शहरातच वाढलेली, स्कूटीवरून येणारी. वाईट नव्हती, हे मला कबूल करावं लागतं. ती मजुरांना नावानं हाक मारायची आणि सारजाबाईला मावशी म्हणायची. पण तिची दहाच्या दहा बोटं कंप्युटरच्या वाट्याला, माझ्या वाट्याला एकही नाही. त्या कंप्युटरात कामाचं वेळापत्रक करायचा प्रोग्रॅम होता. प्रत्येक कामाची एक रंगीत पट्टी, एकीच्या शेवटाला दुसरी बांधलेली. एक पट्टी सरकवली की पुढच्या सगळ्या आपोआप सरकायच्या. त्रिंबकला माझ्यावर एवढं करायला अर्धी सकाळ लागायची आणि बाही पांढरी व्हायची. पाठीमागच्या खिडकीतून ते सगळं कानावर यायचं आणि माझा जळफळाट व्हायचा.

एक दिवस तनुजा सुट्ट्या भरायला बसली. ती बाहेर आली, माझ्यासमोर उकिडवी बसली आणि माझ्यावरचे लाल दिवस पाहून आत जाऊन भरू लागली. माझं इतक्या वर्षांचं शहाणपण तिनं चुटकीसरशी त्याच्या पोटात घातलं. चौदा एप्रिल, आंबेडकर जयंती, गुरुवार. दुसऱ्याच दिवशी रामनवमी. रविवार त्यात आधीपासून होताच. आणि त्या प्रोग्रॅममध्ये शनिवारही तयार सुट्टीच असतो, हे बदलायचं तिच्या ध्यानात राहिलं नाही. सगळे मिळून सलग चार दिवस झाले.

सगळं तिनं उतरवलं. फक्त माझी तळाची ओळ उतरवली नाही. तिला वाटलं, 'श्री' आणि कंपनीचं नाव जसं, तशीच ही एक पाटी. ऑइलपेंटनं लिहिलेली ओळ म्हणजे रोजचं काम असं तिला का वाटावं? आणि त्रिंबकनं तरी कशाला सांगावं? ती ओळ त्याला इतकी सवयीची होती, की दिसतच नव्हती. असं करता करता पाण्याचं कामही कंप्युटरात गेलं, बाकीच्या कामांसारखंच, सुट्ट्या पाळणारं. बुधवारी टाकीच्या तळाचा स्लॅब ओतायचा आणि पाणी मारायला सुरुवात सोमवारी.

कागद छापून दाराला लावला. काकासाहेब नव्या नवलाईत होता. म्हणाला, "आता कुनी मला इचारायचं नाय. कागद म्हनंल तसं करायचं. टँकर बी तसाच सांगायचा."

सारजाबाईला त्रिंबकनं कागद वाचून दाखवला.

"माझ्या नावाला बी सुट्टी?" तिनं विचारलं.

"व्हय. चार दिवस."

"मंग पानी कोन मारंल, मुकादम?"

"त्यांनी बघितलं असंल की. कंप्युटर हाये त्यो. माझ्यावानी इसरनारा नाय."

सारजाबाईच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. त्याचं कारण सांगतो. तिची मुलगी प्रांजली पिशोरला दिलेली. तिला नुकतीच पहिली मुलगी झाली होती. पहिलं बाळंतपण आईकडं व्हायचं असतं. पण इथं तिची आई पत्र्याच्या खोलीत आणि सगळ्या वस्तीला प्यायला टँकरचं पाणी. "माझ्या घरी बाळंतिनीला न्हाऊ घालाया पानी नाय," असं तिनं स्वतःच जावयाला, रामप्रसादला, कळवलं होतं आणि दिवसभर स्लॅबवर पाइप धरून उभी राहिली होती. दुपारी माझ्याखाली बसून ती जुन्या लुगड्यांची एक लहानशी वाकळ शिवायची. बारसं रामनवमीला ठरलं होतं. आपण जाणार नाही हे ती धरूनच चालली होती. वाकळ कुणाच्या हाती पाठवायची एवढाच तिचा प्रश्न होता.

आणि आता तिला जाता येणार होतं.

मित्रांनो, तेव्हा मला जे झालं ते मत्सर या शब्दात मावत नाही. झाकण आणि पंखा मी सोसला असता. पण इतक्या वर्षांत मी तिला एक सुट्टी देऊ शकलो नव्हतो आणि त्या पाडव्याच्या पोरानं आल्याबरोबर चार दिल्या. त्याला ती बाई कोण हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

बुधवारी स्लॅब ओतला. सारजाबाईनं ओली गोणपाटं घातली, वाकळ बोचक्यात बांधली आणि खिळ्यावरचं भाकरीचं फडकं काढून घेतलं. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही. तिला गाडी गाठायची होती.

गुरुवारी साइटवर चिटपाखरू नव्हतं. मी टाकीकडं तोंड करून उभा होतो, त्यामुळं मला सगळं दिसत होतं. सकाळी गोणपाटं काळी होती. दुपारपर्यंत ती भुरी झाली, संध्याकाळी वाऱ्यावर फडफडायला लागली. खोटं कशाला सांगू, मला उकळ्या फुटत होत्या. म्हटलं, होऊ दे. येऊ दे काकासाहेबाला आणि बघू दे त्याच्या लाडक्याचे प्रताप. मला परत भिंतीवर लावतील, या विचारानं मी उन्हाचा चटकाही विसरलो.

पण शुक्रवारी सकाळी एक वेगळाच विचार आला आणि माझा आनंद आंबला. स्लॅब तडकला, तर नाव कुणाचं घेतलं जाईल? कंप्युटरचं कुणी घेणार नाही. तो तर काल आलेला. पाणी कुणाचं, असं विचारलं की सगळे माझ्याच तळाकडं बोट दाखवणार. तिथं ऑइलपेंटनं लिहिलेलं होतं. सारजाबाईचं काम जाईल आणि ते माझ्या साक्षीनं जाईल.

फळ्याला ओरडता येत नाही. मी नुसता उभा होतो.

दुपारी तनुजाची स्कूटी आली. ती पाण्याची बाटली विसरली होती, स्टीलची, घरून आणलेली. ती घेऊन निघाली आणि स्कूटी वळवायला माझ्याजवळ आली. माझ्यावर ऊन सरळ पडलं होतं, ऑइलपेंट चकाकत होता. तिनं ती ओळ वाचली. परत वाचली. मग मान वर करून टाकीकडं पाहिलं. वरून एक गोणपाट वाऱ्यानं सुटून खाली आलं.

तिनं त्रिंबकला फोन लावला. फोन स्पीकरवर टाकून, स्कूटीच्या सीटवर ठेवून बोलत होती, त्यामुळं मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

"मुकादम, पाणी कोण मारतंय?"

पलीकडून त्रिंबक म्हणाला, "म्याडम, तुमी ठेवलं असंल ना कुनी?"

"मी कुणाला ठेवलं नाही."

"मंग सारजाबाईला बोलवा. जावयाचा नंबर देतो. ती उटून यील बगा. ती नाय म्हननार नाय."

तिनं रामप्रसादचा नंबर लावला. फोन उचलला तसा पलीकडून बायकांचा गलका आला. कुणी पाळणा म्हणत होतं, कुणी हसत होतं. "थांबा, देतो," असं म्हणून त्यानं फोन सारजाबाईकडं दिला.

"कोन, म्याडम? काय झालं? पान्याचं काय?" सारजाबाईचा आवाज लगेच उतरला. "मी येऊ का? पोरगी मांडीवर हाये, देते कुनाकडं."

मी श्वास धरला. म्हणजे फळे धरतात तेवढा.

"नाही हो मावशी," तनुजा म्हणाली. "पाण्याचं बघतेय मी. नाव काय ठेवलं ते विचारायला फोन केला."

"अजून ठेवायचंय. आत्याची वाट बगून ऱ्हायलो."

"ठेवलं की सांगा मला. सोमवारी या. घाई करू नका."

तो फोन बंद करून तिनं काकासाहेबाला फोन केला आणि चूक आपली आहे असं सरळ सांगितलं. काकासाहेब जे बोलला ते मी तुम्हाला सांगणार नाही. पण त्यानं टँकरवाल्या सांडूला फोनवरूनच हलवलं. ऊन उतरायच्या आत टँकर आला.

"म्याडम, वर कोन चढनार?" सांडूनं विचारलं.

"मी."

"कपडे नासतील."

"नासू द्या. पाइप वर सोडा."

ती दोघं अंधार पडेपर्यंत वर होती. शनिवारी आणि रविवारीही आली. स्लॅबच्या एका कडेला केसासारख्या भेगा गेल्या होत्या, तेवढ्या भरून घ्याव्या लागल्या. बाकीचा स्लॅब वाचला. पुढं टाकी भरून पाहिली तेव्हा ती गळली नाही. मला त्याचं बरं वाटलं की वाईट, हे मला नीट सांगता येणार नाही.

सोमवारी सगळे जमले. सारजाबाई चुरमुऱ्याची पिशवी घेऊन आली होती, बारशाची. काकासाहेब मला ओढत ऑफिसात घेऊन आला आणि माझ्या तळावर बोट आपटत म्हणाला, "हे दिसत नव्हतं का कुनाला? सारजाबाई, तुला तर म्हाईत व्हतं. तू गेलीच कशी?"

सारजाबाईनं पिशवी टेबलावर ठेवली. त्रिंबक छताकडं बघत राहिला. चुरमुऱ्याच्या पिशवीला कुणी हात लावला नाही.

"साहेब, त्यांना सुट्टी मी दिली," तनुजा म्हणाली. "ती चूक नव्हती. पाण्याला सुट्टी दिली, ती चूक."

"येकच झालं की."

"एक नाही. पाण्याला सुट्टी नसते. मावशींना असते. आपण दोन्ही एकाच ओळीत लिहून ठेवलं."

मग ती कंप्युटरसमोर बसली आणि सगळ्यांना दाखवत तिनं सुट्ट्या नव्यानं मांडल्या. त्या प्रोग्रॅममध्ये माणसांचं कॅलेंडर वेगळं ठेवता येतं आणि कामाचं वेगळं. पाण्यासाठी तिनं एक आखलं, त्यात एकही लाल दिवस नव्हता. माणसांसाठी दुसरं, त्यात सगळे होते. शनिवार तिनं कामाचा केला, तेव्हा मजूर कुरकुरले. सणाला पाणी कोण मारणार, याची पाळी लावली आणि पहिली पाळी त्रिंबकच्या माथी आली. काकासाहेबानं पिशवीत हात घालून मूठभर चुरमुरे घेतले आणि विचारलं, "नाव काय ठेवलं मंग पोरीचं?"

"तनुजा," सारजाबाई म्हणाली. कंप्युटरसमोरची तनुजा वळली नाही, पण तिचे हात थांबले.

आता माझं शेवटचं दुःख. दुपारी तनुजा रंगाचं थिनर आणि चिंधी घेऊन माझ्यापुढं बसली. पाळी मजुरांना दिसायला हवी, म्हणून मला परत भिंतीवर लावायचं ठरलं होतं. मी हरखलो होतो. तिनं चिंधी बुडवली आणि माझ्या तळाच्या ओळीवर घासायला लागली. तेलरंग लवकर निघत नाही, मित्रांनो. फार आग होते. 'पाणी' तिनं ठेवलं, 'रोज' ठेवलं. मधलं नाव पुसलं.

माझ्या अंगावरचं एकमेव माणूस गेलं. तिथं अजून एक फिकट डाग आहे आणि त्यावर रोज खडूनं नवं नाव लिहितात. कधी त्रिंबक, कधी सांडू, कधी सारजाबाई. खाली टेबलावर तो पंख्याचा वारा खात बसलेला असतो. त्याचं झाकण आता दुसरं आहे, निळं. मला अजून रुमाल नाही.

पण त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी सारजाबाई माझ्यापुढं आली. तिनं त्रिंबकच्या डबीतून लाल खडू घेतला आणि पोळ्याच्या चौकटीवर स्वतःच्या हातानं गोल काढला, वेडावाकडा, चौकटीबाहेर गेलेला. मग माझ्याकडं पाहून हसली आणि खिळ्यावरचं फडकं काढून घेऊन पिशोरला गेली.

म्हणून एवढंच मागतो, मित्रांनो. फळ्याला पुसा, पाला लावा, धूळ झटका, ते तर कराच. पण आज घरी गेल्यावर एकदा बघा. तुमच्याकडं भिंतीवर नसेल, पण एखादी ओळ नक्की असेल: स्वयंपाक, कुणाचं तरी नाव, रोज. सवयीमुळं ती तुम्हाला दिसत नसेल. दिसली की थिनर घेऊन बसा आणि मधलं नाव तेवढं पुसा. ते जिथं लिहिलेलं असेल तिथं थोडं दुखेल. तिकडं लक्ष देऊ नका.